सहा माणसं, दोन तंबू, एक गाडी

अमेरिकेत जंगलात निवांत झोपायचं असेल, तर सहा महिने आधी एका सकाळी डोळ्यांत तेल घालून जागं राहावं लागतं. तंबू, खुंट्या, बॅटरी, डासांचं मलम या गोष्टी फार पुढच्या. त्या दुकानात मिळतात. मिळत नाही ती तंबू ठोकायला लागणारी बारा-पंधरा फूट सपाट जमीन. ज्या देशात दिवसभर गाडी हाकली तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस दिसत नाही, त्या देशात एवढ्याशा जमिनीसाठी जी झुंबड उडते ती पाहिली, की दादरला वन-बीएचके घेणं सोपं वाटायला लागतं.

आम्ही राहतो डेन्व्हरला. वायोमिंग राज्यातलं ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान तिथून गाडीने आठ-नऊ तासांवर. करवती डोंगर, त्यांच्या पायथ्याशी ओळीने तळी, आणि तळ्यांच्या काठी तंबू ठोकायच्या जागा. कोल्टर बे नावाच्या ठिकाणी अशा जागा तीनशेच्या वर आहेत. पण कोल्टर बेला गेलो असं सांगितलं तर डेन्व्हरमधला मराठी माणूस "अच्छा" म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो. वळत नाही तो जेनी लेकचं नाव काढल्यावर. तिथे जागा पन्नास-साठ, त्याही फक्त तंबूवाल्यांसाठी. चाकांवरची घरं घेऊन हिंडणाऱ्यांना तिथे प्रवेश नाही. कमी जागा आणि कोणाला तरी मज्जाव, एवढं असलं की आम्हाला ती जागा हवीच असते.

या जागा मुक्कामाच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठला, ऑनलाइन खुल्या होतात. म्हणजे जुलैत तळ्याकाठी चहा प्यायचा, तर त्यासाठी जानेवारीत उठायचं. बाहेर गाडी बर्फाखाली गाडलेली, आणि आपण पायजम्यावर दोन स्वेटर चढवून उन्हाळ्यातल्या डासांत जागा मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले. जानेवारीत माणसाला स्वतःच्या जुलैबद्दल काय माहीत असतं? रजा मिळेल का माहीत नाही, नोकरी राहील का माहीत नाही. आई-बाबा भारतातून येणार होते, त्यांच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीखसुद्धा लागलेली नव्हती. पण बाबांना वाकून शिरता येईल एवढा तंबू घ्यायचा की उभं राहून शिरता येईल एवढा, यावरून घरात दोन तट पडले होते.

बायकोने आदल्या दिवशी रंगीत तालीम ठेवली. भलत्याच एका उद्यानातली, आम्हाला अजिबात नको असलेली एक जागा निवडली आणि कोण किती चपळाईने पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोचतो ते घड्याळ लावून पाहिलं. मी इतका रंगात आलो की पैसे भरूनच थांबलो.

"अरे, हे काय केलंस?"

"मिळाली!" मी म्हणालो.

ती रद्द करायला दहा डॉलर कापून घेतले. तालमीलाच तिकीट पडलं.

खऱ्या सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर घरातले झाडून सगळे लॅपटॉप आणि फोन होते. न्यू जर्सीत दादा, तिथे दहा वाजत आलेले. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलेला. फ्रीमाँटला आमचा एक मित्र, तिथे सात, तो अंथरुणात. पडद्यावर तक्ता होता. डावीकडे जागांचे क्रमांक, वर तारखा. मोकळ्या जागेच्या चौकोनात 'ए', गेलेल्या जागेच्या चौकोनात 'आर'. आठच्या ठोक्याला सगळीकडे ए, ए, ए. मी एका ए-वर बोट ठेवलं, तर मशीनने विचारलं, तू माणूस आहेस कशावरून? पुरावा म्हणून नऊ चित्रांतल्या मोटारसायकली ओळखून दाखवायच्या होत्या. आठ चित्रं सरळ होती. नवव्यात भिंतीच्या कडेने मोटारसायकलचा नुसता आरसा डोकावत होता. आता आरसा म्हणजे मोटारसायकल का? बायको म्हणाली, हो. लेक म्हणाली, नाही. मी म्हणालो, मोटारसायकल नाही तर आरसा कशाचा? एवढा वाद होऊन, मी माणूस असल्याचं सिद्ध करून तक्त्यावर परत आलो तेव्हा तिथे वरपासून खालपर्यंत आर, आर, आर.

लेक मागून म्हणाली, "बाबा, आता आपण घरातच तंबू लावायचा का?"

तेवढ्यात दादाचा मेसेज आला, "मिळालीऽऽ!" पुढे फटाके, ढोल आणि मोदकाची चित्रं. त्याला फोन लावला.

"कुठली मिळाली?"

"ग्रो व्हाँट."

"दादा, तिथे तळं नाहीये."

"मग काय आहे?"

"नदी आहे."

"पाणीच ना शेवटी!" दादा म्हणाला आणि मीटिंगमध्ये त्याला कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून फोन ठेवून दिला. फ्रीमाँटच्या मित्राला मात्र खरोखरच जेनी लेकची जागा सापडली होती. पैसे भरताना त्याच्या लक्षात आलं की कार्डाची मुदत डिसेंबरमध्ये संपली. नवं कार्ड खालच्या मजल्यावर, पाकिटात. तो जिना उतरून वर येईपर्यंत जागेचं पाखरू उडालं होतं.

यानंतरचे दिवस आम्ही दुसऱ्यांच्या संसारात काहीतरी विघ्न येण्याची वाट बघत काढले. कोणाची रजा नामंजूर होते, कोणाची बायको नाही म्हणते, कोणाच्या मुलाच्या फुटबॉलची मॅच येते. मग जागा रद्द होते आणि वर्दी लावून ठेवली असेल तर आपल्या फोनवर सूचना येते. तशी ती आली, ती घरच्या सत्यनारायणात. चौथा अध्याय चालू होता. साधुवाण्याच्या नावेतल्या धनाची पानं-वेली झाली आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. आमचे गुरुजी आठवडाभर एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात. ते पोथीतून वर न बघता म्हणाले, "यजमान, लक्ष इकडे."

"गुरुजी, जेनी लेक," मी हळूच म्हणालो.

पोथी थांबली. "वीकेंड आहे?"

"शुक्रवार धरून."

"मग आधी घ्या. देव कुठे जात नाही, जागा जाते."

उजव्या हातात पळी होती, म्हणून डाव्या अंगठ्याने कार्डाचा नंबर टाकला. जागा लागली. गुरुजींनी क्रमांक विचारून घेतला, "सकाळचं ऊन चांगलं येतं तिथे" असा अभिप्राय दिला आणि मग साधुवाण्याला पुढे सोडलं.

आता ग्रो व्हाँटची जागा सोडून द्यायला हरकत नव्हती. पण बायको म्हणाली, "असू दे." तिचं ऐकून मला या सगळ्या टंचाईचं मूळ सापडलं. अख्ख्या अमेरिकेने जुलैतल्या सगळ्या जागा 'असू दे' म्हणून धरून ठेवलेल्या असतात. जाणार कुठे हे मे महिन्यात ठरतं आणि तोपर्यंत प्रत्येक कुटुंब कागदोपत्री चार तळ्यांकाठी झोपलेलं असतं.

जागेबरोबर नियम येतात. एका जागेत माणसं सहा, तंबू दोन, गाडी एक. आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा. हिशोब चोख बसला होता. मग दादा-वहिनींनी कळवलं की आई-बाबा येतायत तर आम्हीही येतो. मागाहून वहिनीचा स्वतंत्र फोन.

"भाऊजी, बाळ धरायचं का हो सहात?"

"वहिनी, रात्री झोपायला असलेलं प्रत्येक माणूस धरतात."

"मग नको धरायला. ते झोपतच नाही."

शेवटी 'असू दे'ची जागा कामी आली. दादाचं कुटुंब नदीकाठी, आम्ही तळ्याकाठी, मधे गाडीचा रस्ता. बायकोने यावर एक शब्द काढला नाही. नुसतीच हसत होती, त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

होडी हा माझा हट्ट. सेलमध्ये घेतलेली, हवा भरायची, निळ्या रंगाची. तळं आहे म्हटल्यावर होडी हवी आणि होडी आहे म्हटल्यावर परमिट हवं. वल्ह्याची असो की मोटारची, या उद्यानात पाण्यात उतरवायची तर उद्यानाचं परमिट वेगळं. शिवाय वायोमिंग राज्याचा एक स्टिकर. हा स्टिकर झेब्रा आणि क्वागा या नावांच्या परदेशी शिंपल्यांच्या बंदोबस्तासाठी असतो. नखाएवढे जीव, पण एका तळ्यातून होडीला चिकटून दुसऱ्या तळ्यात गेले की लाखांनी वाढतात आणि पाण्याच्या पाइपांत जाऊन बसतात. मी हे सगळं व्हिडिओ कॉलवर आईला समजावून सांगितलं.

"म्हणजे तिसऱ्या का रे?" आई म्हणाली. दापोलीची माहेरवाशीण ती. "सुकं छान होतं. लाखांनी आहेत तर रडतायत कशाला?"

राज्याच्या स्टिकरला एक सूट होती. दहा फुटांपर्यंतची, हवेची, बिनमोटारीची होडी असेल तर तो लागत नाही. आम्ही गॅरेजमध्ये होडी फुगवली आणि मोजपट्टी लावली. दहा फूट तीन इंच. दुसऱ्या बाजूने मोजली. दहा फूट तीन इंच.

"हवा थोडी कमी भरली तर?" मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सांगत बसत नाही. स्टिकर घेतला. वाटेत राज्याच्या तपासणी नाक्यावर होडी दाखवावी लागली. तिथल्या मुलीने अदबीने विचारलं, "ही याआधी कुठल्या पाण्यात होती?" मी खरं ते सांगितलं, की आमच्या बाथटबमध्ये, पुढचा अर्धा भाग. तिने ते लिहून घेतलं की नाही ते दिसलं नाही, पण पेन हललं.

मासे धरायचे तर वायोमिंगचा परवाना. उत्तरेच्या यलोस्टोन उद्यानात तो चालत नाही, तिथला निराळा. मासे मात्र यलोस्टोनमधून स्नेक नदीने सरळ खाली जॅक्सन तळ्यात येतात आणि त्यांना हद्दीवर कोणी हटकत नाही. बाबांनी हे ऐकून गळाचा बेत रद्द केला. "दोन परवाने काढून एक मासा मिळणार," ते म्हणाले, "तोही तू परत पाण्यात सोडायला लावशील."

प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग होती. रांगेत बसल्या बसल्या मी या दरीचा इतिहास फोनवर वाचून काढला आणि जिवाला बरं वाटलं. परवानगीचं दुखणं इथे आमच्यापासून सुरू झालेलं नाही. तेलवाल्या रॉकफेलरच्या मुलाला, धाकट्या जॉन डी. रॉकफेलरला, ही दरी उद्यानासाठी देऊन टाकायची होती. खरेदीदार कोण ते कळलं तर जमिनीचे भाव चढतील, म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याने स्नेक रिव्हर लँड कंपनी नावाच्या पडद्याआडून जमीन घ्यायला सुरुवात केली आणि जवळपास ३५,००० एकर गोळा केली. आता फुकट देतोय म्हटल्यावर सरकारने ओंजळ पुढे करायची की नाही? पण वॉशिंग्टनमध्ये विरोध, गुराख्यांचा विरोध, आणि ती जमीन प्रत्यक्ष सरकारच्या पदरात पडायला १९४९ साल उजाडलं. रॉकफेलरला द्यायला एवढा वेळ लागला. आम्ही तर मागायला निघालेलो.

मधे १९४३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दरीचा मोठा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला, तेव्हा इथले गुरंवाले भडकले. त्यांच्यात ऑस्कर मिळवलेला वॉलेस बीरी हा नटही होता. पाचशेहून जास्त गुरं घेऊन, बंदुका मिरवत, ही मंडळी परमिट न काढता त्या जमिनीवरून आरपार गेली. मी हे बायकोला वाचून दाखवलं.

"पाचशे," मी म्हणालो. "आणि आपल्याला सातवं माणूस चालत नाही."

"त्यांनी तंबू लावले नव्हते," बायको म्हणाली.

खिडकीपाशी पोचलो. गाडीमागे पस्तीस डॉलर, सात दिवसांसाठी. आमच्याकडे सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा ऐंशी डॉलरचा वार्षिक पास होता, त्यामुळे मी खुशीत काच खाली केली. पण मागच्या सीटवर बाबा माहितीपत्रक वाचत होते आणि त्यांना त्यात ज्येष्ठांचा वीस डॉलरचा पास सापडला होता.

"विचार त्यांना, मला किती पडेल?"

"बाबा, तो इथल्या नागरिकांना, नाहीतर कायमच्या रहिवाशांना."

"नागरिक नसेन. पण ज्येष्ठ तर मी कुठेही गेलो तरी ज्येष्ठच ना?"

एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीला रबरबँड, रबरबँडच्या आत आधारची झेरॉक्स, तिच्या घडीत एसटीच्या सवलतीचं कार्ड. ते त्यांनी माझ्या खांद्यावरून खिडकीतल्या रेंजरबाईंच्या हातात दिलं. बाईंनी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं, बाबांकडे पाहिलं, परत कार्डावरच्या फोटोकडे पाहिलं आणि "फोटो छान आलाय" असं सांगून परत केलं. बाबा खूश. सवलत मिळाली नाही, पण मान मिळाला. २०२६पासून परदेशी पाहुण्यांना वार्षिक पास २५० डॉलरचा झालाय, आणि पास नसेल तर या उद्यानासकट अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा. ही बातमी मी बाबांना कळवली, तेव्हापासून आपण त्या सहलीत पैसे मिळवून आलो असं ते शेजाऱ्यांना सांगतात.

जागेवर पोचलो तर अस्वलांचा नियम वाट बघत होता. वास येणारी प्रत्येक वस्तू लोखंडी पेटीत, नाहीतर कुलूपबंद गाडीत. तंबूत काही ठेवायचं नाही. टूथपेस्टसुद्धा नाही. रेंजर हे सांगत असताना आईने पिशवी उघडली. लसणाची चटणी, कैरीचं लोणचं, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आणि तीन डब्यांत घालूनही आपलं अस्तित्व लपवू न शकलेला हिंग. रेंजर बोलता बोलता थांबला आणि त्याने नकळत वाऱ्याची दिशा पाहिली. पेटी भरली. साबण गेला, बाळाची वहिनीकडून चुकून आमच्याकडे आलेली पावडर गेली. मग बायको माझ्या कानात म्हणाली, "आणि बाबांचं काय?"

बाबा रोज रात्री गुडघ्यांना, पाठीला आणि टाळूला नारायण तेल लावतात. नियम काटेकोर पाळायचा तर त्यांना पेटीत झोपवावं लागलं असतं. शेवटी ते कोमट पाण्याने आणि दोन टॉवेलांनी पुसून तंबूत घेतले गेले. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही हाही नियम होता. तो बाबांनी जागेपणी पाळला.

जेवणाचं सांगायचं राहिलं. ही दरी समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फुटांच्या वर आहे. इथे पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या भांड्यात तूरडाळ शिजवायला बसलं तर जागेची मुदत संपते. म्हणून आईने भारतातून कुकर आणलेला. संध्याकाळी आजूबाजूला गिटार, भाजलेली कणसं, हळू आवाजात गप्पा. पहिली शिट्टी झाली. गिटार थांबलं. दुसरी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतला गृहस्थ अस्वलावर मारायचा फवारा हातात धरून, सुरक्षा-पिन काढलेल्या अवस्थेत, आमच्या टेबलापाशी आला.

"सगळं ठीक आहे ना? हा धोक्याचा इशारा आहे का?"

मी शरमेने काहीतरी पुटपुटलो. आई डाळीकडेच बघत होती. "काय म्हणतायत ते?"

"शिट्टीचं विचारतायत."

"सांग त्यांना, अजून दोन व्हायच्यात."

ते गृहस्थ नंतर वरण-भात जेवूनच गेले. लिंबाची फोड का पिळतात ते त्यांना लगेच कळलं. तूप वरून घेतात हे पटायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दादाचं कुटुंब नदीकाठून तळ्याकाठी यायचं होतं. जेनी लेकचं पार्किंग सकाळीच भरतं. आम्ही तिथेच मुक्कामाला असल्यामुळे बाबा मॉर्निंग वॉकला म्हणून गेले आणि गाड्यांच्या दोन ओळींमधला एक मोकळा चौकोन बघून, हात पाठीमागे बांधून, त्याच्या मधोमध उभे राहिले. एक गाडी आली. दिवा लुकलुकला. बाबा ढळले नाहीत. काच खाली झाली.

"माय सन इज कमिंग," बाबा म्हणाले.

"कुठून?"

"न्यू जर्सी."

तो माणूस खूप वेळ विचार करून निघून गेला. दादा वाटेत अडकला होता. रस्त्यावर गवे आले होते आणि गव्यांपासून पंचवीस यार्ड लांब राहायचं असतं, त्यामुळे गवे जातील तेव्हा दादा. मी पोचलो तोवर बाबांपुढे रेंजर उभा होता.

"माणूस उभा करून जागा धरता येत नाही, सर."

"आगाऊ नोंदणी करता येते?" बाबांनी माझ्यामार्फत विचारलं.

"पार्किंगची? नाही."

"मग उभं राहण्यावाचून दुसरा उपाय काय आहे ते यांनीच सांगावं."

रेंजरला उपाय सुचेना. सुचेपर्यंत दादा येऊन लागला.

मग होडी. सगळे तळ्याकाठी जमले. परमिट दाखवलं, दोन्ही स्टिकर नीट चिकटवले, मुलांना लाइफ जॅकेट घातली, आईने होडीला हळद-कुंकू लावलं. आणि हवा भरायचा पंप डेन्व्हरला गॅरेजमध्ये, मोजपट्टीच्या शेजारी राहिला असल्याचं तेव्हा उघड झालं. तोंडाने फुगवायचा प्रयत्न दादाने करून पाहिला. साडेसहा हजार फुटांवर पन्नाशीच्या माणसाने तो करू नये. परमिट असलेली, तपासणी झालेली, संपूर्ण कायदेशीर अशी ती होडी आम्ही काठावर पसरली आणि तिच्यावर बसून दडपे पोहे खाल्ले.

"ओल लागत नाही," आई म्हणाली. "सतरंजी म्हणून चांगली आहे."

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. गुरुजी तिथे होतेच. हॉलच्या दारातल्या रांगेतच माणसं भोवती जमली.

"जेनी लेक? जुलैत? शुक्रवार धरून?"

मी सांगायला सुरुवात केली. तालीम, मोटारसायकलचा आरसा, 'असू दे'ची जागा, चौथा अध्याय, डावा अंगठा. मागचे लोक पुढे सरकून ऐकायला लागले. एकाने फोनवर टिपणं काढली. दुसऱ्याने विचारलं, सूचना ईमेलवर लावली होती की मेसेजवर? तिसरा म्हणाला, त्याच्या मेव्हण्याला कोल्टर बे मिळालं होतं. त्याच्याकडे आम्ही सगळ्यांनी सहानुभूतीने पाहिलं. बोलता बोलता रांग बरीच पुढे गेली. मग एक आजीबाई, ज्यांना या व्यवहारात रस नव्हता, म्हणाल्या, "आणि तळं कसं होतं?"

"तळं?" मी म्हणालो. "होतं की. चांगलं मोठं होतं."

बायकोने मदतीला यावं म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर ती एका मैत्रिणीला पुढच्या वर्षीच्या तारखांचा हिशोब करून देत होती. एवढ्यात आम्ही दाराशी पोचलो. टेबलापलीकडच्या स्वयंसेवक मुलाने नाव विचारलं, लॅपटॉपवर वर-खाली शोधलं, आडनावाने शोधलं, ईमेलने शोधलं.

"काका, महाप्रसादाचं रजिस्ट्रेशन दिसत नाहीये तुमचं. जुलैमध्येच बंद झालं ते. मेल गेलेली सगळ्यांना."

"जुलैत आम्ही इथे नव्हतो रे. जेनी लेकला—"

"हो, ऐकलं मी. भारीच." त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे आठ-दहा कुटुंबं हातात रिकाम्या पिशव्या घेऊन उभी होती. "तिकडे थांबा. कोणी रद्द केलं तर सांगतो. किती माणसं आहात?"

"सहा," मी म्हणालो.

"चारच्या वर अवघड आहे," तो म्हणाला.